नऊ वाजता बंद होणारं मस्टर

गणपतीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून टोमॅटोंनी भरलेलं पातेलं माझ्या हातात दिलं. गुलाबी टोमॅटो, लाल नव्हेत. अमेरिकेतल्या आमच्या आर्कान्सा राज्याच्या दक्षिण भागात ब्रॅडली काउंटी आहे, तिथला हा वाण. आजोबा तिथल्याच वॉरेन गावचे, त्यामुळे इथं बेंटनव्हिलला येऊन चाळीस वर्षं झाली तरी परसात दुसरा टोमॅटो लावत नाहीत. साल इतकी पातळ की बोट जरा जोरात लागलं तरी डाग पडतो. पातेलं उन्हानं कोमट झालं होतं आणि देठांचा तो हिरवा, उग्र वास माझ्या हातांना लागला होता. मी "अहो, एवढे कशाला" म्हणत होते आणि ते नेहमीसारखे हातानंच "असू दे, असू दे" करत होते. तेवढ्यात त्यांच्या ओसरीवरच्या रेडिओवर बातम्या लागल्या. मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचा, नवा कायदा, महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा. आजोबा वळून म्हणाले, "महिन्याला ८० तास गं पोरी. आठवड्याला धड वीसही नाहीत. धडधाकट माणसाला एवढंही जमू नये? मी आठवड्याला साठ-साठ तास ट्रक चालवलाय."

मी काहीच बोलले नाही.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. याच विषयावर गेली सात वर्षं मी वाचते आहे, घरात तावातावानं बोलते आहे, नवऱ्याला रात्री अकरा वाजता आकडे ऐकवते आहे. आणि जिथं बोलायला हवं होतं तिथं हातात टोमॅटो होते म्हणून गप्प बसले. पण नुसते टोमॅटो नव्हते ते. २०२१च्या फेब्रुवारीत इथं हाडं गोठवणारी थंडी पडली, वीज जायला लागली, तेव्हा हेच आजोबा गुडघाभर बर्फातून त्यांचा रॉकेलचा हीटर घेऊन आमच्या दारात उभे राहिले होते. वय तेव्हा चौऱ्याहत्तर. आमची लेक लहान आहे म्हणून त्यांनी तो आणला आणि स्वतः दोघं नवराबायको एका खोलीत रजया पांघरून बसली. चर्चमधल्या कुणाचं ऑपरेशन असलं की महिनाभर त्या घरी डबा जातो, तो यांच्याच बायकोच्या हातचा. असा माणूस जेव्हा "एवढंही जमू नये?" म्हणतो, तेव्हा तो दुष्टपणानं म्हणत नाही. त्याला मनापासून तसं वाटतं. आणि माझी सगळी अडचण तिथंच आहे. वाईट माणसाशी वाद घालणं सोपं असतं.

५ जुलै २०१८. आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा धूर अजून हवेत रेंगाळत होता, रस्त्याच्या कडेला जळक्या नळ्या पडल्या होत्या. रात्री साडेआठच्या सुमारास दारावरची बेल वाजली. दारात मावशी. आमची लेक डेकेअरमध्ये होती तेव्हा तिला सांभाळणारी ही बाई. आम्ही लेकीला तिला 'मावशी' म्हणायला शिकवलं, तर बाईंनी तो शब्द स्वतःच उचलला आणि पालकांच्या वहीत आमच्या लेकीच्या पानावर इंग्रजी अक्षरांत 'माउशी' अशी सही करायला लागली. वय शेहेचाळीस, मुलं मोठी होऊन दुसऱ्या राज्यांत गेलेली. बीपी आणि साखर दोन्ही. डेकेअरमध्ये आठवड्याला तीस तास, मालकाकडून विमा नाही. राज्याचं किमान वेतन तेव्हा ताशी ८ डॉलर ५० सेंट. तिचा दवाखाना, तिच्या गोळ्या, सगळं मेडिकेडवर चालायचं. हातात एक पत्र होतं, घामानं मऊ झालेलं. "तुला कॉम्प्युटरचं कळतं," म्हणाली, "हे जरा बघशील?"

आर्कान्सानं त्या जूनपासून नवा नियम आणला होता. तिशी ते पन्नाशीच्या मधल्या, घरी लहान मूल नसलेल्या माणसानं महिन्याला ८० तास काम केल्याचं सरकारला कळवायचं. कळवायचं ते फक्त वेबसाइटवरून, पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत. वर्षात तीन महिने चुकले की विमा बंद, तो थेट पुढच्या जानेवारीपर्यंत. फोन चालणार नाही, टपाल चालणार नाही. फोनची सोय केली ती डिसेंबरात, हजारोंची नावं कापून झाल्यावर. मी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं. आधी ईमेल पत्ता हवा, तो तिच्याकडे नव्हता. तो काढला. पासवर्ड म्हणून तिनं तिच्या कुत्र्याचं नाव सांगितलं, ते चालेना, मोठं अक्षर हवं, आकडा हवा. मग पत्रातला लांबलचक क्रमांक. त्यातला एक आकडा घामानं पसरला होता, तीन की आठ ते कळेना. दोन्ही करून पाहिले. ती शेजारी बसून दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत होती. दिवसभर पोरांची टेबलं ब्लीचच्या पाण्यानं पुसून तिच्या बोटांची सालं निघालेली असायची, पेरांवर लालसर भेगा. शेवटी खातं उघडलं, जून महिना दिसला, आणि मी तिला विचारलं, "किती तास लिहू?" ती म्हणाली, "एकशे वीस तरी झाले असतील. थांब, मी कॅलेंडरवर मांडलेत." पर्समधून घडी घातलेलं पान काढलं. मी पुढचं बटण दाबलं आणि पान पांढरं झालं. देखभालीसाठी बंद. सकाळी ७ वाजता पुन्हा सुरू होईल.

घड्याळात नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. ती वेबसाइट रोज रात्री ९ ते सकाळी ७ बंद असायची. दुकान बंद असतं तशी.

तारीख ५ होती. उद्या ६ असणार होती. मावशीनं पान पुन्हा चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवलं. "बघू, पुढच्या महिन्यात लवकर करू," म्हणाली, आणि उलट मलाच धीर दिल्यासारखं माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात तिनं स्वतःच फोनवरून करून पाहिलं, जमलं नाही. मला दोनदा फोन आला होता तिचा. एकदा मी गाडी चालवत होते, एकदा लेक तापानं फणफणली होती. नंतर करू म्हटलं. ऑगस्टच्या शेवटी आम्ही गणपतीसाठी तीन आठवडे घरी गेलो. सप्टेंबरात पहिल्या ४,३५३ जणांची नावं कापली गेली. त्यात ती होती. मी परत आले तेव्हा ती साखरेची गोळी मधोमध तोडून अर्धी-अर्धी घेत होती, भाजी चिरायच्या सुरीनं.

हे सांगताना अजूनही माझा घसा दाटतो. कायदा मी केला नव्हता. पण त्या दोन फोनांपैकी एक तरी मी उचलायला हवा होता.

वर्ष संपेपर्यंत आर्कान्सात १८,०००च्या वर माणसं मेडिकेडमधून बाहेर फेकली गेली. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर तपासलं, तर नोकऱ्या वाढल्याच नव्हत्या. ज्यांना हा नियम लागू होता त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त लोक एक तर आधीच पुरेसं काम करत होते, नाही तर आजारपण, शिक्षण, घरातल्या कुणाची शुश्रूषा अशा कारणानं त्यांना सूट मिळायला हवी होती. सुमारे एक तृतीयांश लोकांच्या कानावर हा नियम गेलाच नव्हता. ज्यांचा विमा गेला त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी पैशांपायी उपचार पुढे ढकलले. मार्च २०१९मध्ये वॉशिंग्टनमधले न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी ही योजना थांबवली. मेडिकेडचा हेतू माणसांना उपचार मिळावेत हा आहे आणि त्याचाच विचार सरकारनं मंजुरी देताना केलेला नाही, हे त्यांच्या निकालाचं सार. तो निकाल मी मोबाइलवर वाचला तेव्हा मला वाटलं, झालं, शिकले हे लोक. शिकले नव्हते. ४ जुलै २०२५ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर सही केली आणि तेच ८० तास देशाला लागू झाले. २०२७ उजाडता उजाडता सगळ्या संबंधित राज्यांना ते अमलात आणावे लागतील. वय १९ ते ६४. सिनेटमध्ये ५०-५० मतं पडली आणि उपाध्यक्षांच्या मतानं विधेयक तरलं. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा हिशेब असा, की या एका कायद्यामुळे २०३४पर्यंत सुमारे १ कोटी माणसं विम्याविना होतील, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा या कामाच्या अटीचा.

आजोबांच्या त्या वाक्यानं मला मावशी आठवली हे साहजिकच होतं. पण रात्री टोमॅटोंची चटणी परतताना मला आठवली ती माझी आजी. माण तालुक्यातली, दहिवडीच्या बाजूची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ती गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली की मला तो माळ डोळ्यांसमोर दिसतो. उन्हात ओळीनं बसलेल्या बायका, प्रत्येकीपुढे दगडांचा ढीग, दगड उडू नये म्हणून भोवती धरलेली टायरच्या रबराची कडी, बोटांना बांधलेल्या चिंध्या. दुपारी सुकडी. घरी मिलोच्या भाकरी. ही लाल मिलो ज्वारी अमेरिकेतून आलेली, रेशनच्या दुकानात मिळायची. आजी म्हणायची, "भाकर थापताना फाटायची, पर प्वाट भरायची." म्हणजे मी ज्या देशात आज टोमॅटोंची चटणी करते, त्या देशाच्या धान्यावर माझं घर एक दुष्काळ जगलं. अमेरिकेच्या नावानं मी जेव्हा जेव्हा रागानं बोलायला लागते, तेव्हा ती फाटकी लाल भाकरी मध्ये येते.

आणि तिथं मस्टर होतं. तासांचा, दिवसांचा हिशेब तिथंही होताच. बायकांच्या नावापुढे 'भ्रतार' लिहून नवऱ्याचं नाव, पुढे हजेरीच्या खुणा, शेवटी अंगठा. आठवडी पगाराच्या दिवशी कारकून माळावर यायचा, झाडाखाली सतरंजी टाकून बसायचा आणि एकेकीला हाक मारायचा. आजीचा अंगठा उठायचा नाही. दगड हाताळून रेषाच झिजल्या होत्या. शाईचा नुसता गोल डाग पडायचा. पहिल्या खेपेला ती घाबरली, आता पैसे बुडाले. कारकुनानं तिचा हात उलटा केला, तळव्यावरचे घट्टे पाहिले आणि पैसे मोजून हातावर ठेवले. आजी म्हातारपणी आंधळी झाली, पण हा प्रसंग सांगताना ती स्वतःचा तळहात उलटा करून आम्हाला दाखवायची. त्या कारकुनाचं नाव तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मला हे गोड करून सांगायचं नाही. मस्टरवरच्या खोट्या नावांचे किस्से महाराष्ट्राला तोंडपाठ आहेत. मेलेली माणसं खडी फोडून गेली, कागदावरचे पाझर तलाव कागदावरच पाझरले. पगार रखडायचे, मुकादमाची मर्जी सांभाळावी लागायची. पण बनावट अंगठे उठले म्हणून त्या माळावरच्या बायकांना कुणी असं सांगितलं नाही की आता तुम्हीच तालुक्याला जाऊन सिद्ध करा की तुम्ही खरंच दगड फोडता. सांगितलं असतं तर आजी गेली असती का? रोज बुडवून, एसटीचं भाडं काढून, कोणत्या टेबलापाशी उभं राहायचं हे न कळता? ती घरीच बसली असती आणि सरकारच्या वहीत तिची नोंद झाली असती, 'कामास येत नाही'. मावशीची तशीच झाली. तिच्या फायलीत काय लिहिलं असेल हे मला पक्कं माहीत आहे: अटीची पूर्तता केली नाही. जूनमध्ये १२० तास काम केलेल्या बाईबद्दल.

आमच्याकडे मस्टर माणसापर्यंत चालत आलं होतं. इथं माणसानं मस्टर शोधत जायचं, आणि ते नऊ वाजता बंद.

वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, दुष्काळात ती राज्यभर राबवली गेली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आपल्या पगाराच्या स्लिपवर 'पीटी' म्हणून कापले जाणारे दोनशे रुपये आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते कशासाठी सुरू झाले हे मलाही पंचविशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून माणमधल्या बाईची मजुरी. तो कर बसवताना शहरातल्या माणसाला बाईच्या हातांचा फोटो मागावासा वाटला नाही. मागच्या वर्षी इथल्या गणपतीच्या जेवणावळीत, श्रीखंडाच्या वाट्या हातात घेऊन उभे असताना, आमच्यातलेच एक जण म्हणाले, "आपण मर मर काम करून टॅक्स भरायचा आणि यांनी फुकट खायचं." आजूबाजूच्या चार माना हलल्या. सगळे माझ्यासारखेच, कुणी बार्शीचे, कुणी परभणीचे. या सभागृहातल्या किती जणांच्या घरात कुणी ना कुणी बहात्तरला मिलो खाल्ली असेल, हे मी मनात मोजत राहिले. तेव्हाही मी नीट बोलले नाही. "तसं नसतं हो" एवढंच म्हणाले, आणि आमटीच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

'फुकट खाणारे' हा शब्द इथं आपोआप रुजलेला नाही. रिपब्लिकन नेते रोनाल्ड रेगन १९७६च्या प्रचारात शिकागोच्या एका बाईची गोष्ट गावोगाव सांगत फिरले. अनेक नावं, अनेक पत्ते, सरकारी मदतीवर ऐषाराम. त्या बाईनं फसवणूक केली होती हे खरंच होतं. पण त्या एका बाईच्या चेहऱ्याआड लाखो बायका दिसेनाशा झाल्या, आणि मदत मागणारा प्रत्येक जण आधी संशयित, मग माणूस, असं धोरण बनत गेलं. त्यात एकट्या रिपब्लिकनांना बोल लावून चालणार नाही. १९९६च्या ऑगस्टमध्ये कल्याण योजनांना कात्री लावणाऱ्या कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांनी. आणि १९८६मध्ये, दारात आलेल्या रुग्णाला पैसे नाहीत म्हणून आपत्कालीन विभागातून हाकलता येणार नाही, या कायद्यावर सही केली ती याच रेगन यांनी. माझ्या सोयीचा इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही. मात्र त्या १९८६च्या कायद्यात जी माणुसकी होती, ती पुढे एका विचित्र जागी अडकून पडली. मरायला टेकलेल्या माणसाला आत घ्यायचं, पण मरायला टेकू नये म्हणून लागणारी रोजची गोळी कमावून दाखवायची.

बेंटनव्हिलपासून अर्ध्या तासावर स्प्रिंगडेल आहे. हमरस्त्यावर कोंबड्यांचे ट्रक पुढे असले की काचेवर पांढरी पिसं येऊन चिकटतात, पावसाळी दिवशी तो ओला, आंबूस वास गाडीत शिरतो. त्या कारखान्यांत काम करणारे पुष्कळ जण मार्शल बेटांवरून आलेले आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्यांची सर्वांत मोठी वस्ती इथं, या ओझार्कच्या डोंगरात, समुद्रापासून शेकडो मैल आत. अमेरिकेनं १९४६ ते १९५८ या काळात त्यांच्या बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. पुढे करार झाला, त्यानुसार ते इथं व्हिसाशिवाय राहू शकतात, काम करू शकतात, आणि मेडिकेडही त्यांना होतं. १९९६च्या त्या कायद्यात पात्र परदेशी नागरिकांची यादी केली गेली, त्यात यांचा उल्लेखच नव्हता. एक ओळ नव्हती म्हणून चोवीस वर्षं मेडिकेड नाही. ही माणसं आठवड्याला चाळीस-चाळीस तास, गारठलेल्या शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यावरच्या कोंबड्या कापत उभी राहिली. ८० तासांची कोणतीही अट त्यांनी दोन आठवड्यांत पुरी केली असती. तरी कार्ड नाही. २०२०च्या उन्हाळ्यात करोना वाढला तेव्हा लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त मार्शली माणसं इथं दगावली. मला आठवतं, त्यांच्या एका चर्चबाहेर फुलांच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि आठवडाभरानं त्याच जागी पुन्हा तशीच रांग. त्या डिसेंबरात संसदेनं ती ओळ परत लिहिली. म्हणून मला कुणी जेव्हा सांगतं की प्रश्न फक्त कामाचा आहे, काम करा आणि घ्या, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती गाड्यांची रांग येते. काम केलं होतं त्यांनी.

मग वाटतं, इथल्या माणसांना हे कळत नाही असंही नाही. याच आर्कान्सात, त्याच नोव्हेंबर २०१८मध्ये, लोकांनी एकाच मतपत्रिकेवर ८० तासांची अट आणणारे रिपब्लिकन गव्हर्नर एसा हचिन्सन यांना दणदणीत मतांनी पुन्हा निवडलं आणि किमान वेतन ११ डॉलरपर्यंत वाढवण्याच्या प्रस्तावालाही तितक्याच भरभरून होकार दिला. पलीकडच्या मिसूरीत, ओक्लाहोमात २०२०मध्ये मतदारांनी नेत्यांना बाजूला सारून मेडिकेडचा विस्तार मंजूर केला. मिसूरीचे सिनेटर जॉश हॉली यांनी २०२५च्या मे महिन्यात मेडिकेडला कात्री लावणं नैतिकदृष्ट्या चूक आहे असा लेख लिहिला. मी तो दोनदा वाचला, आजोबांना दाखवावा म्हणून जपून ठेवला. जुलैत त्यांनी विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. तो लेख माझ्या फोनमध्ये अजून आहे, पण आता तो कुणाला दाखवावासा वाटत नाही. सामान्य माणसाला मत देताना शेजारची बाई दिसते. नेत्याच्या भाषणात तीच बाई 'धडधाकट' होऊन येते. हे मधल्या वाटेवर कुठं घडतं, ते मला शोधून सापडलेलं नाही.

मला स्वतःला इथं मत नाही. चौदा वर्षं झाली, कर भरतो, घराचे हप्ते भरतो, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहोत. आमचं सगळं आयुष्य कागदावर आहे. मंजुरीची पत्रं, मुदतवाढीची पत्रं, मेथीच्या पुरचुंड्या जपाव्यात तशी लोखंडी पेटीत जपलेली. म्हणूनच मावशी माझ्याकडे आली होती, हिला फॉर्म भरता येतात म्हणून. मला तेव्हा त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. पण आमचे फॉर्म कंपनीचा वकील भरतो. तारीख जवळ आली की तो तीन ईमेल पाठवतो. एखादा कागद राहिला तर त्याच्या ऑफिसातून फोन येतो. मावशीच्या तारखेची आठवण करून देणारं कुणी नव्हतं, आणि शिस्त मात्र तिला लावायची होती.

गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक केले. भांडं रिकामं परत देऊ नये हे आईनं हाडीमाशी रुजवलेलं, म्हणून आजोबांचं तेच पातेलं घासूनपुसून, तळाशी हळदीचं पान ठेवून, त्यात अकरा मोदक घालून पलीकडे गेले. आजोबा ओसरीवर होते. या वेळी मी बसले. मोदकावर तूप कसं घालायचं ते दाखवलं आणि मग, आवाज थोडा कापत असताना, त्यांना मावशी सांगितली. पत्र, ईमेल, पसरलेला आकडा, नऊ वाजून दोन मिनिटं, सुरीनं तोडलेल्या गोळ्या. त्यांनी रेडिओ बंद केला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ट्रकवर आम्हालाही तास लिहावे लागायचे. लॉगबुक. पण ते माझ्या शेजारच्या सीटवर असायचं. रात्री दोन वाजताही लिहायचो." पुन्हा थांबले. "तरी माणसानं काम करायलाच हवं."

"ती करत होती," मी म्हणाले.

"हो. ती करत होती." त्यांनी मोदकाची कळी मोडून तोंडात टाकली, सावकाश खाल्ली. "किती लागायचे तिला औषधांना महिन्याचे?" मी आकडा सांगितला. ते उठायला लागले, आतून चेकबुक आणायला. मी म्हटलं, "आजोबा, अठरा हजार जण होते." ते गुडघ्यांवर हात टेकवून तसेच अर्धवट उभे राहिले. माझ्याकडे बघत राहिले, जणू मी त्यांच्याकडून काही हिसकावून घेतलं होतं. "अठरा हजारांचं मला माहीत नाही," शेवटी म्हणाले, "पण तिचा पत्ता काढ."

ती २०१९मध्ये फोर्ट स्मिथला बहिणीकडे गेली एवढंच मी ऐकलं होतं. घरी येऊन फोन उघडला. 'मावशी डेकेअर' म्हणून नंबर अजून होता. लावला. पलीकडे एक तरुण मुलगा होता, मागे ट्रॅक्टरसारखा आवाज. हा नंबर तीन वर्षांपासून त्याचा आहे, म्हणाला. काल डेकेअरच्या जुन्या मालकिणीला निरोप ठेवलाय. आजोबा रोज सकाळी झाडांना पाणी घालताना कुंपणापाशी येऊन विचारतात, "मिळाला?"